मदत हवी आहे: हात वर गेला की खांदा बिघडतो

मंडळी, दोन महिने झाले, चित्रात पैलवान काढायला शिकतोय. हात खाली सोडून उभा असला तर जमतो. हात डोक्यावर नेला, की खांद्याचं पार गाठोडं होतं! हात पूर्ण 180 अंश वर जातो तेव्हा त्यातले साधारण 60 अंश खांद्याचं पातं फिरल्यामुळे मिळतात, हे वाचलंय. पण कागदावर उतरत नाही. डेल्टॉइडचे (खांद्यावरच्या स्नायूचे) तिन्ही भाग दाखवले तर सोललेला फणस, नाही दाखवले तर फुगा. (त्यात आखाड्यातले गडी जिमवाल्यांसारखे कोरीव नसतात, पोट सुटलेलं असतं, ते आणखी वेगळं.) तुम्ही आधी पातं आखता की थेट ठोकळ्यांसारखे साधे आकार? आणि काखेची मागची कड दंडात नेमकी कुठे शिरते, कुणी चार रेघांत काढून दाखवेल का?