पगारातले ते २०० रुपये... रोहयो (रोजगार हमी योजना), रेशन, एसटी, तुमच्या घरातले अनुभव लिहा

परवा ऑफिसात नवीन लागलेल्या मुलाने पगाराची स्लिप दाखवून विचारलं, सर हा व्यवसाय कर २०० रुपये कशाचा कापलाय? माझ्या तोंडून निघून गेलं, अरे ह्याच पैशावर मी लहानपणी जेवलोय. त्याला काही कळेना. हा कर १९७५ साली बसवला तो रोजगार हमीसाठी, पगारदाराकडून घ्यायचा आणि खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी लावून धरलेली योजना. आमची आई ८६-८७ ला पाझर तलावाच्या कामावर होती, धाकटी बहीण बाभळीला बांधलेल्या झोळीत आणि मी झोका द्यायला. मजुरी मापावर. खड्ड्यात मधे मातीचा उंचवटा सोडायचे आणि त्यावरून खोली मोजायचे, टेप निघाली की सगळ्या बायका एकदम गप्प व्हायच्या, ते गप्प होणं मला अजून आठवतं. पगार कधी आठवड्याने, कधी तीन आठवड्यांनी. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, आईचं नाव होतं, बापाचं किंवा नवऱ्याचं म्हणून नाही, तिचं स्वतःचं. तुम्हीही लिहा, कुठलीही योजना चालेल.

रानवारा
आमची आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला. रेशनला लाल मिलो (परदेशी ज्वारी) यायची, भाकरी थापताना तुटायचीच. आणि कामावर सुकडी. तो रस्ता आजीला शेवटपर्यंत "माझा रस्ता", खड्डा पडला की सरपंचाला रस्त्यात गाठून बोलायची 😄

चहापोळी
सुकडी म्हणजे उपमा का?

रानवारा
नाही हो, भाजलेलं पीठ, गोडसर. कोरडं खाल्लं की ठसका लागायचा म्हणे

हिशेबवाला
फेब्रुवारीत ३०० कापतात त्याचं काय?

पाऊलवाट
वर्षाचे २५०० होतात ना, ११ महिने २०० आणि एकदा ३००

अबोली
कुकर लावलाय पटकन लिहिते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढची ९ किलोमीटरवर. अहिल्याबाई होळकर योजनेचा मुलींचा फुकट एसटी पास होता म्हणून वडील हो म्हणाले, नाहीतर माझ्या दोन्ही मोठ्या बहिणी सातवीनंतर घरीच बसल्या, तेव्हा त्यांना कुणी पासचं सांगितलंच नाही. मोठी ताई माझ्याहून हुशार होती. आता १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय तर ताई महिन्यातून एकदा आईकडे येते, पूर्वी दिवाळीलाच यायची. शिट्टी झाली, येते

सायली_कोपरा
अबोली, ताईचं वाचून गलबललं गं

निवडुंग
माझ्या आत्याला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० येतात, मूलबाळ नाही, तेवढाच आधार. पण अंगठा मशीनवर उमटत नाही, जन्मभर लोकांची भांडी घासली, बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. तीन चकरा झाल्या, उन्हात, आणि प्रत्येक वेळी "आजी, उद्या या". जिने काम केलं म्हणून रेषा झिजल्या तिलाच परत पाठवतात याचा फार राग येतो मला.

पाऊलवाट
आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, तिथे डोळ्यांचंही स्कॅन होतं. आणि आत्याबाईंना एकटं पाठवू नका, सोबत कुणी असलं की ऐकून घेतात

निवडुंग
सोमवारी रजा टाकतोय

हिशेबवाला
लाडकी बहीणच्या ई-केवायसीचा ओटीपी आमच्या वहिनीला येतच नाही, नंबर जुना आहे

अबोली
आधी आधारला नंबर बदला भाऊ, मग पुढचं

(धागाकर्ता)
सगळं वाचतोय. काल आईला फोनवर सांगितलं, त्या पोराने २०० रुपयांचं विचारलं म्हणून. तर ती म्हणाली, त्याला सांग, तलावात अजून पाणी असतं, मार्चपर्यंत टिकतं.

रानवारा
गाळ काढलाय का तलावातला? आमच्याकडे गाळमुक्त धरण योजनेत काढला, शेतात टाकला, हरभरा जोरात आला. ग्रामपंचायतीत विचारा

(धागाकर्ता)
आईलाच सांगतो, ती विचारेल