‘केन्शो’ला मराठीत काय म्हणावं : बक्षीस, इनाम की आणखी काही?

प्रश्न

सुमोवरचा एक जपानी लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘केन्शो’ आणि ‘केन्शोकिन’ हे शब्द पानोपानी येतात. लढत सुरू होण्याआधी कंपन्यांची नावं लिहिलेले कापडी फलक आखाड्यात फिरवतात आणि जिंकणाऱ्या मल्लाला पाकिटं मिळतात, ती ही रक्कम. मी ‘प्रायोजित बक्षीस रक्कम’ असं लिहिलं होतं. अर्थ कळतो, पण वाक्यात तो शब्द बसत नाही. ‘मानधन’ चालेल का? जाणकारांनी सुचवावं.

उत्तर

ताई, ‘इनाम’ लिहा, आणि त्याला क्रियापद ‘लावणे’ हेच द्या. ‘या लढतीला वीस इनामं लागली होती’ असं लिहिलंत की काम झालं.

‘मानधन’ मुळीच नको. मानधन आल्याबद्दल, केलेल्या कामाबद्दल मिळतं. हरलात तरी मिळतं. केन्शोत हरणाऱ्याला एक येनही मिळत नाही. समोरचा मल्ल जखमी होऊन आलाच नाही आणि विजय आपोआप पदरात पडला, तर तेही इनाम मिळत नाही. त्या लढतीचे फलक फिरतच नाहीत. लढायचं आणि जिंकायचं, दोन्ही झालं तरच पाकीट.

शब्दाची फोड बघा. ‘केन्’साठी जे चिन्ह आहे त्याचा अर्थ टांगणे, आणि त्याच क्रियापदाला पणाला लावण्याचीही छटा आहे. ‘शो’ म्हणजे पारितोषिक, ‘किन्’ म्हणजे पैसा. म्हणजे निकाल लागण्याआधी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगून ठेवलेलं पारितोषिक. आपल्याकडे जत्रेच्या मैदानाचं हँडबिल निघतं त्यावर एक नंबरची कुस्ती कोणाकोणाची, इनाम किती आणि कोणाकडून, हे आधीच छापलेलं असतं. पैसे देणारा कुस्ती भरवणारा नसतो. गावातला व्यापारी, साखर कारखान्याचा माणूस, एखादं तरुण मंडळ, असं कोणीतरी त्या एका जोडीवर रक्कम लावतं. सुमोतही संघटना वेगळी आणि इनाम लावणारी कंपनी वेगळी. म्हणून ‘प्रायोजित’ हे विशेषणही लावायला नको. ‘लावलेलं इनाम’ म्हटलं की कोणीतरी बाहेरच्याने लावलंय हे मराठी वाचकाला न सांगता कळतं.

आता प्रत्यक्ष रीत सांगतो, म्हणजे तुम्हाला बाकीचे शब्दही निवडता येतील. इनाम लागतं ते मुख्यतः माकुउची या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या लढतींना. मल्ल दोह्योवर, म्हणजे सुमोच्या मातीच्या आखाड्यावर, चढले की योबिदाशी, म्हणजे मल्लांच्या नावांचा पुकारा करणारे सेवक, एकेक उभा फलक धरून दोह्योच्या कडेने फिरतात. एका इनामाला एक फलक. लढत मोठी असेल, योकोझुनाची म्हणजे सर्वोच्च पदावरच्या मल्लाची असेल, तर फलकांची रांग संपता संपत नाही, आणि ती लांबली की प्रेक्षागृहात गलका वाढत जातो. त्याच वेळी ध्वनिक्षेपकावर इनाम लावणाऱ्यांची नावं वाचली जातात. एनएचके ही सार्वजनिक वाहिनी असल्याने जाहिरात नको म्हणून फलक जवळून दाखवत नाही. त्या वेळी कॅमेरा लांबून सगळं प्रेक्षागृह दाखवतो.

लढत निकाली निघाली की जिंकणारा मल्ल दोह्योच्या कडेला उकिडवा बसतो. पंच, म्हणजे ग्योजी, आपला गुन्बाई नावाचा पंखा आडवा धरतो आणि त्यावर पांढऱ्या पाकिटांचा गठ्ठा ठेवलेला असतो. मल्ल उजव्या हाताचा तळवा उभा धरून हवेत तीन वेळा हलकेच कापल्यासारखी खूण करतो : डावीकडे, उजवीकडे, मधे. सृष्टी निर्माण करणाऱ्या तीन देवांना हे वंदन आहे असं मानतात. त्याला तेगाताना म्हणतात. मग गठ्ठा उचलायचा. मंगोलियातून आलेला 68 वा योकोझुना आसाशोर्यू हे डाव्या हाताने करायचा, त्यावर जपानमध्ये केवढी टीका झाली! आपल्याकडे डाव्या हाताने प्रसाद घेतला तर घरातलं वडीलधारं माणूस हात मागे घ्यायला लावतं, त्यामुळे तो राग मराठी वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. लेखात हा प्रसंग असेल तर तळटीप देऊ नका.

रकमेबद्दल लिहिताना वर्ष तपासून लिहा. आधी एका इनामाचे 62,000 येन घेतले जात. सप्टेंबर 2019 च्या स्पर्धेपासून ते 70,000 झाले. त्यातले 10,000 संघटना कामकाजासाठी ठेवते, 60,000 मल्लाचे. त्या साठातलेही 30,000 करासाठी त्याच्या नावावर बाजूला काढले जातात. त्यामुळे ‘मल्लाला पाकिटात 70,000 येन मिळाले’ असं वाक्य चुकीचं ठरेल. ‘70,000 येनांचं एक इनाम लागतं’ हे बरोबर.

शंका

‘इनाम’ म्हटलं की मला इनामदार आणि इनामी जमीन आठवते. राजाने खूश होऊन दिलेलं दान. इथे कंपनी जाहिरातीसाठी पैसे मोजते आहे. ‘बक्षीस’ जास्त तटस्थ नाही का?

उत्तर

इनामी जमिनीचा अर्थ कागदपत्रांत आहे, खरं आहे. पण मैदानात बसलेल्या माणसाला ‘पन्नास हजारांच्या इनामाची कुस्ती’ ऐकून जमीन आठवत नाही. संदर्भ अर्थ ठरवतो, आणि इथे संदर्भ कुस्तीचाच आहे.

‘बक्षीस’ मला अडतं ते वेगळ्या कारणाने. बक्षीस काम झाल्यावरही देता येतं, मनात आलं म्हणून देता येतं. ‘बक्षिसी’ तर पूर्णपणे देणाऱ्याच्या खुशीची. सुमोमध्ये असाही प्रकार होता, पण त्याला केन्शो म्हणत नसत. त्याचं नाव नागेहाना. आवडता मल्ल जिंकला की प्रेक्षक भारावून आपली टोपी, अंगावरची हाओरी (किमोनोवर घालायचा अंगरखा) आखाड्यात भिरकावायचे. ती वस्तू मागाहून मालकाला परत द्यायची आणि त्याने तिच्या बदली पैसे द्यायचे. तोक्योत र्‍योगोकुला पहिलं कोकुगिकान, म्हणजे सुमोचं प्रेक्षागृह, 1909 मध्ये उघडलं तेव्हा ही प्रथा बंद करण्यात आली. लेखात नागेहाना आलं तर तिथे ‘बक्षिसी’ किंवा अगदी ‘दौलतजादा’ही शोभेल. केन्शो आधी जाहीर होतं आणि जिंकणाऱ्याचा त्यावर हक्क असतो. दोन्हींना ‘बक्षीस’ म्हटलंत तर हा फरकच पुसला जाईल, आणि सुमोच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट वाचकापर्यंत पोचणार नाही.

आणखी एक आधार देतो. जपानीत ‘केन्शोकिन’ हा शब्द फरार गुन्हेगाराला पकडून देणाऱ्यासाठी जाहीर केलेल्या रकमेलाही वापरतात. मराठीतही दरोडेखोराच्या डोक्यावर लागतं ते इनामच. मासिकातल्या सोडतीलाही जपानी माणूस केन्शो म्हणतो, पण तिथे मराठीत ‘बक्षीस योजना’ किंवा ‘सोडत’ लिहावं. तिथे इनाम ओढूनताणून होईल.

प्रश्न

मग किन्बोशीलाही इनामच म्हणायचं का? लेखात ‘सुवर्णतारा मिळाल्याने उत्पन्न वाढलं’ असं काहीसं आहे.

उत्तर

नाही, तिथे इनाम चालणार नाही. माएगाशिरा या माकुउचीतल्याच खालच्या पायरीवरच्या मल्लाने योकोझुनाला लोळवलं की त्याच्या नावावर किन्बोशी जमा होते. ती एकदाच हातात पडणारी रक्कम नसते. अशा प्रत्येक विजयामागे त्याला दर स्पर्धेला 40,000 येन जास्त मिळत राहतात, आणि वरच्या दोन श्रेणींत तो टिकून असेपर्यंत हे चालू राहतं. वर्षाला सहा स्पर्धा, म्हणजे एका विजयाचे वर्षाला 2,40,000 येन. जुन्या मराठीत याला नेमका शब्द आहे, ‘वर्षासन’. आजच्या वाचकाला तो जड वाटेल अशी भीती असेल तर ‘कायमची वाढ’ लिहा, पण मी तरी वर्षासनच लिहीन. किन्बोशी हा शब्द मात्र तसाच ठेवा. सुवर्णतारा म्हटलं की पदकासारखं काहीतरी वाटतं.

प्रश्न

शेवटचं विचारते. मूळ लेखात ‘त्या दिवशी चाळीस होन होते’ असं आहे. हे होन म्हणजे नाणं का? शिवकाळातला होन डोळ्यांसमोर आला!

उत्तर

नाही, नाण्याशी संबंध नाही. जपानीत वस्तू मोजताना आकड्यामागे मोजशब्द लावतात, आणि ‘होन’ हा काठी, बाटली, पेन्सिल अशा लांबट वस्तूंसाठीचा. केन्शोही त्यानेच मोजतात. आकड्याप्रमाणे त्याचा उच्चार ‘पोन’ किंवा ‘बोन’ही होतो, म्हणून लेखात तिन्ही रूपं दिसली तर दचकू नका. मराठीत त्याला वेगळा शब्द लागत नाही. ‘त्या दिवशी चाळीस इनामं लागली’ असं लिहा, आणि मल्ल जिंकल्यावर ‘चाळीस इनामं त्याने एकट्याने उचलली’. कुस्तीच्या मैदानात इनाम ‘मिळवतात’ त्यापेक्षा ‘उचलतात’ जास्त, आणि गुन्बाईवरचा गठ्ठा तर तो खरोखरच उचलतो.