एर्रोचं सिंहावलोकन: चित्रकार की कात्रीबहाद्दर?

तिरपी रेघ:
परवाच्या आइसलंडच्या प्रवासवर्णनात भटकभवानी यांनी जाता जाता लिहिलंय, ‘रेक्याविकला एर्रो नावाच्या आजोबांच्या नव्वदीचं प्रदर्शन होतं. तीनशेच्या वर चित्रं, स्वतःचं एकही नाही. नुसती कापाकापी.’ डोकंच सणकलं. प्रतिसादात मावेना म्हणून हा धागा.

एर्रो हा आइसलंडचा चित्रकार. राजधानी रेक्याविकमधलं २०२२चं ते प्रदर्शन मीही पाहिलंय. ते भरलं होतं ते हाफनारहूस संग्रहालय म्हणजे बंदरावरचं जुनं गोदाम, या माणसाला अगदी साजेसं. आयुष्यभर कॉमिक्स, जाहिराती, प्रचाराची पोस्टरं जमवायची, कातरायची, चिकटवायची, मग ते कोलाज प्रोजेक्टरने कॅनव्हासवर टाकून रंगवायचं. त्याचं १९६४चं ‘फूडस्केप’ घ्या. तीन मीटर रुंद कॅनव्हासवर खाणंच खाणं, पार क्षितिजापर्यंत. जेवणारा कुठेच नाही. बघताना मळमळतं. ‘अमेरिकन इंटिरियर’ मालिकेत चकचकीत अमेरिकन घरं आणि त्यात घुसू पाहणारे बंदूकधारी क्रांतिकारक. तुकडे उसने असतील, दचकवणं त्याचं आहे.

बोरूवाला:
उसनं परत करतात, ताई. २०१० साली ब्रायन बोलंड या ब्रिटिश कॉमिक चित्रकाराने जाहीर पत्रच लिहिलं, की ‘टँक गर्ल’ या कॉमिकचं माझं मुखपृष्ठ यांनी जवळजवळ जसंच्या तसं उचललंय. त्याच्या प्रती विकल्या जात होत्या! बोंब झाल्यावर विक्री थांबवली. जाता जाता, हे गृहस्थ आधी ‘फेर्रो’ अशी सही करायचे. दुसऱ्या एका चित्रकाराने कोर्टात खेचलं, तेव्हा १९६७मध्ये ‘फ’ गेला. एका अक्षरावरचा हक्क कळतो, अख्ख्या मुखपृष्ठावरचा नाही?

माझं दिवाळी अंकातलं चित्र एका मिठाईवाल्याने खोक्यावर छापलं. विचारलं तर म्हणे, ‘तुमचीच जाहिरात झाली ना!’

टवाळ बोका:
अंकवाल्यांनी तरी पैसे दिले होते का? हलकं घ्या.

बोरूवाला:
एक अंक आणि ‘ऋण व्यक्त करतो’. तोही अंक मीच जाऊन आणला.

कोपऱ्यातली खुर्ची:
अगदी! लेखकाला निदान पाकीट मिळतं. चित्रकाराला ‘दोन दिवसांत सहा रेखाटनं द्या, आपलंच घरचं कार्य आहे.’ घरच्या कार्यात आचाऱ्याला फुकट राबवता का हो?

टवाळ बोका:
छापखान्याला पैसे देतात, टपालखात्याला देतात. चित्रकार तेवढा ‘आपला माणूस’.

तिरपी रेघ:
धागा एर्रोवर आहे!! आणि बोलंडचं एक प्रकरण दाखवून साठ-सत्तर वर्षांचं काम निकालात काढायचं? हुसेनही मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, फोटो बघूनच ना?

बोरूवाला:
होर्डिंगवाल्याला स्टुडिओच पैसे देऊन ते फोटो देतो. एवढा फरक कळत नसेल तर तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

भटकभवानी:
माझ्या तीन ओळींवर केवढा हा निबंध! पहिलं दालन आवडलं होतं मला. तिसऱ्यापर्यंत डोळे दुखायला लागले. मांडणाऱ्यांनी निम्मी चित्रं गाळायला हवी होती. आणि एकाच पुरुषाला एवढ्या भिंती कशाला? तिथे बायका चित्रं काढत नाहीत?

थंडगार पुणेकर:
रेक्याविकमध्येच राहतो म्हणून लिहितो. भिंती फुकट नाही मिळालेल्या. १९८९मध्ये त्यांनी दोन हजारांच्या आसपास कामं शहराला देऊन टाकली, पुढे २०००मध्ये हे गोदाम संग्रहालय झालं. आणि बायकांचं म्हणाल तर मावशीच्या नावाने त्यांनी निधी काढलाय, त्यातून स्त्री-कलाकारांनाच पुरस्कार मिळतात. बाकी डोळे माझेही दुखतात.

भटकभवानी:
बरं बाई, मावशीसाठी एक गुण वाढवला. निम्मी गाळायलाच हवी होती.

तिरपी रेघ:
बाई नाहीत ते. आणि कोणती निम्मी, ते सांगा की.

बोरूवाला:
मावशी मान्य. ‘फूडस्केप’ही मान्य, नाइलाजाने. बोलंडचं मात्र नाव खाली बारीक अक्षरात लिहिलं असतं तर कॅनव्हास फाटला नसता.

कोपऱ्यातली खुर्ची:
ते राहू द्या. कुठला अंक? खासगी निरोप (व्यनि) करा. माझंही एकांकडून येणं आहे, तेच निघायचे.