सागवानी टेबल: कुसू खाचेत हलतंय

प्रश्न: पट्टी 30 मिमी जाड, तिच्या टोकाचं कुसू (पायाच्या खाचेत शिरणारी जीभ) 10 मिमी. खाचेत ढिलं बसतं. फेविकॉल जास्त भरू का?

उत्तर: नको हो, फेविकॉल फट भरून सांधा धरत नाही! कुसवाच्या दोन्ही अंगांना सागाचा पातळ पापुद्रा चिकटवा, वाळला की थोडं थोडं तासत बसवून पाहा. यानंतरचा पाय करताना आधी खाच पाडा, मग तिच्या मापाने कुसू. खाचेची रुंदी पटाशी (खाच पाडायचं धारदार हत्यार) ठरवते, कुसू मात्र तासता येतं.

प्रश्नकर्ता: किती घट्ट हवं?

उत्तर: हाताच्या जोरावर, शेवटी मोगरीची (लाकडी हातोड्याची) हलकी थाप. खाच 2 मिमी जास्त खोल ठेवा, जादा गोंद तिथे मावतो.

दुसरं उत्तर: पाय आणि कुसू दोन्हींना भोक पाडून लाकडी खुंटी मारा. कुसवातलं भोक पायातल्या भोकापेक्षा खांद्याकडे (कुसू जिथे पट्टीला मिळतं तिकडे) 1 मिमी सरकवलं की सांधा आवळतो.