लास पाल्मास ते सेंट लुसिया, बोटीवर दोघंच: सहा आठवड्यांत आधी काय करावं?

शिडाची_सावली:
नमस्कार मंडळी. बोट ३८ फुटी, फायबरग्लासची स्लूप (एका डोलकाठीची शिडाची बोट), १९९८ ची बांधणी. बोटीवर मी आणि नवरा, तिसरं कोणी नाही. सध्या कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारियाला, लास पाल्मास बंदरात आहोत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघून थेट कॅरिबियनमधलं सेंट लुसिया बेट गाठायचं आहे, म्हणजे सुमारे २७०० सागरी मैल. सरासरी साडेपाच नॉट (तासाला सागरी मैल) धरले तर २०-२१ दिवस.

तीन कामं समोर आहेत आणि पैसे दोनांपुरतेच आहेत. उभं रिगिंग, म्हणजे डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा (१४ वर्षांचं, ८ मिमी, १×१९ स्टेनलेस तार), विंडवेन (वाऱ्याच्या जोरावर सुकाणू सांभाळणारं यंत्र) आणि वॉटरमेकर (समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र). सध्या विजेवरचा ऑटोपायलट (आपोआप सुकाणू सांभाळणारा) आहे. एजीएम (शिसं-आम्लाच्या बंदिस्त) बॅटऱ्या ४४० अँपिअर-तास, सोलर ३५० वॅट, पाण्याच्या दोन टाक्या १६०-१६० लिटरच्या, डिझेल १५० लिटर. आमचा कल वॉटरमेकरकडे आहे, कारण रिगिंग खालून तरी ठीक दिसतंय. चुकतंय का आमचं?

तिरपा_वारा:
रिगिंग आधी. १४ वर्षांच्या तारेवर अटलांटिक ओलांडू नका, बाकी काहीही असो.

या वाटेवर वारा मागून असतो आणि बोट सतत डावी-उजवी डोलते. दर पाच सेकंदांना एक हेलकावा धरला तरी २० दिवसांत साडेतीन लाखांच्या आसपास होतात. प्रत्येक वेळी श्राउड (डोलकाठीची बाजूची तार) ताणते आणि सैल पडते. तार मध्येच तुटत नाही, ती टर्मिनलच्या (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडाच्या) तोंडाशी तुटते, आणि बहुतेकदा खालच्या, कारण खारं पाणी तारेवरून ओघळून तिथेच साचतं. खालून ठीक दिसण्याला काही अर्थ नाही.

तारा बदलताना चेनप्लेट (तार बोटीला जोडणारी धातूची पट्टी) काढून बघाच. डेकच्या वर चकाकणारी पट्टी डेकच्या जाडीत कुजलेली असू शकते. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन पोचत नाही, आणि ऑक्सिजनशिवाय स्टेनलेसचा संरक्षक थर टिकत नाही. तडे शोधायला लाल डाय मिळते: भाग स्वच्छ करायचा, डाय फवारून पंधरा मिनिटं थांबायचं, पुसायची, वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. फोरस्टे (डोलकाठीची पुढची तार) विसरू नका. ती फर्लरच्या (पुढचं शीड गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) नळीत लपलेली असते, म्हणून सगळ्यात कमी तपासली जाते.

सोबत घ्यायचं: सगळ्यात लांब तारेएवढी डायनीमा (फार मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी, हाताने बसवता येणारी दोन टर्मिनलं, क्लेव्हिस पिना, स्प्लिट पिना (जोड अडकवायच्या खिळ्या). वाऱ्याकडची श्राउड तुटली तर त्याच क्षणी बोट दुसऱ्या बाजूला वळवा, म्हणजे ताण शाबूत श्राउडवर जातो. फोरस्टे गेली तर वारा मागे घ्या आणि मोकळं हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर) नाळेला (बोटीच्या पुढच्या टोकाला) बांधा. बॅकस्टे (मागची तार) गेली तर उलट: नाळ वाऱ्यात घाला आणि मेनची (मोठ्या शिडाची) शीट (शीड ओढून धरायचा दोर) आवळा.

दर्याचा_हिशोब:
दुसरा नंबर विंडवेनचा. तुमच्याच आकड्यांवर गणित मांडतो.

ऑटोपायलट सरासरी ४ अँपिअर, म्हणजे दिवसाला ९६ अँपिअर-तास. फ्रिज ५०, उपकरणं, एआयएस (जहाजांची जागा दाखवणारी यंत्रणा) आणि व्हीएचएफ रेडिओ मिळून ३६, दिवे आणि फोन १५. एकूण जवळपास २००. सोलरचे ३५० वॅट चार तास पूर्ण चालले असं धरलं तर ११० मिळतात. त्यातही तुम्ही पश्चिमेला जाताय. दुपारनंतर सूर्य पुढे असतो आणि शिडांची सावली थेट मागच्या पॅनेलवर पडते. म्हणजे रोज किमान ९० ची तूट. एजीएममधून निम्मेच वापरायचे, म्हणजे २२०, ते तिसऱ्या दिवशी संपतात. मग रोज सव्वादोन तास इंजिन, साधारण साडेचार लिटर डिझेल, २१ दिवसांत ९५ लिटर. १५० च्या टाकीत वारा पडला तर चालायला काय उरतं?

विंडवेनला वीज लागत नाही. ते ९६ वजा केले की गणित जुळतं. शिवाय दोघांच्या बोटीत सुकाणूवरचा तिसरा माणूस तोच. ऑटोपायलट बंद पडला आणि दोघांनी आळीपाळीने हाताने सुकाणू धरलं, तर चौथ्या दिवशी झोपेअभावी चुका सुरू होतात. स्वतःचं वेगळं सुकाणू असलेला प्रकार घ्या, मुख्य सुकाणू गेलं तर तेवढ्यावर बोट चालवता येते. ट्रान्समला (बोटीच्या मागच्या भिंतीला) आतून जाड बॅकिंग प्लेट (आधाराची पट्टी) हवी. दोन तोटे सांगून ठेवतो: वारा अगदी पाठीवर आणि कमी असेल तर विंडवेन सुस्तावतो, म्हणून जरा कोनात चाला. आणि निम्म्या वाटेनंतर सारगॅसमचं शेवाळ त्याच्या पात्यात अडकतं, हुकाची काठी जवळ ठेवा.

पाणी: माणशी ४ लिटर, २१ दिवस, दोघांचे १६८. दीडपट केलं तर २५२. तुमच्याकडे ३२० आहे. दोन टाक्यांमधला व्हॉल्व्ह बंद ठेवा, एक फुटली तर दुसरी राहते. शिवाय २० लिटरचे तीन कॅन, काठोकाठ न भरता, म्हणजे समुद्रात पडले तरी तरंगतील. वॉटरमेकर या प्रवासाला लागत नाही.

शिडाची_सावली:
आकडे असे मांडून पाहिले नव्हते. ठरलं, रिगिंग आणि विंडवेन. आणखी एक विचारते. पहारा तीन-तीन तासांचा ठेवणार आहोत. रात्री एक जण झोपलेला असताना डेकवर एकट्याने काय करावं आणि काय करू नये?

तिरपा_वारा:
कॉकपिट सोडून पुढे जायचंच नाही. जायची वेळ आली तर आधी दुसऱ्याला उठवायचं. टेदर (माणसाला बोटीशी जोडणारा दोर) पायऱ्यांवरून वर येण्याआधी अडकवायचा. जॅकलाइन (टेदर अडकवायला डेकवर लांबीभर ताणलेली) पट्टीची घ्या, गोल दोरावर पाय घसरतो. तिचा मागचा शेवट बोटीच्या टोकापासून टेदरच्या लांबीएवढा अलीकडे हवा, नाहीतर पडलेला माणूस मागे फरफटत जातो.

बूमचा (मोठ्या शिडाच्या खालच्या दांड्याचा) प्रिव्हेंटर, म्हणजे बूम अचानक फिरू नये म्हणून बांधायचा दोर, बूमच्या टोकापासून नाळेवरच्या ब्लॉकमधून (पुलीतून) परत कॉकपिटमध्ये आणा. मध्यावर बांधलात आणि टोक पाण्यात बुडालं तर बूम मोडते. स्क्वॉल (वाऱ्याचे अचानक झोत) रात्री जास्त येतात, म्हणून अंधार पडायच्या आधीच रीफ घ्या (शीड लहान करा), वारा कितीही गोड असो.

हॅलियार्ड रोज सकाळी दहा सेंटिमीटर सरकवा. वर पुलीवर दोराचा तोच भाग घासत राहिला तर आठवड्याभरात आवरण फाटतं.

दर्याचा_हिशोब:
आणि माणूस पाण्यात पडल्याचा सराव लास पाल्मासलाच करा, दोघांनी वेगवेगळा, दुसऱ्याने हात न लावता. क्रम: प्रिव्हेंटर सोडा, पोलवरचा जेनोआ (काठीने बाहेर धरलेलं पुढचं शीड) गुंडाळा, मेन आत घ्या, पाण्यात एकही दोर लोंबत नाही हे बघा आणि मगच इंजिन गिअरमध्ये टाका. घाईत शीट इंजिनच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गुंतली की बोट वळवायचं साधनच जातं. हॅलियार्डला ६:१ टॅकल (पुल्यांचा संच) लावून ८० किलो खरंच उचलता येतात का ते तुम्ही स्वतः करून बघा. लाइफजॅकेटमध्ये एआयएस बीकन (पडलेल्या माणसाची जागा कळवणारा) हवा, आणि प्लॉटरवर (नकाशाच्या पडद्यावर) त्याचा अलार्म वाजतो का तेही तपासून घ्या.

डिझेलचं राहिलं. बंदरात टाकीच्या तळाशी बसलेला गाळ पहिल्या मोठ्या लाटांत ढवळतो आणि फिल्टर तुंबतो. टाकी आताच उघडून साफ करा, आठ फिल्टर आणि तीन इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं पात्यांचं चाक) घ्या. इम्पेलरचं पातं तुटलं तर तुकडे मोजून सगळे शोधायचे, ते हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनची उष्णता काढून घेणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेले असतात.