मदत हवी आहे: झेब्राफिशच्या पाण्यातलं कर्क्युमिन संध्याकाळपर्यंत जातं कुठे?

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं दुसरं वर्ष सुरू आहे. प्रौढ झेब्राफिशना पाण्यातून कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) द्यायचं आणि चोवीस तासांनी त्यांची भीती मोजायची, म्हणजे नव्या टाकीत सोडल्यावर मासा तळाशी किती वेळ राहतो ते पाहायचं, असं काम आहे. आचारसमितीची परवानगी घेतलेली आहे.

तीन लिटरच्या काचेच्या बरण्या, प्रत्येकीत सहा मासे, 28 अंश, हवेसाठी सिलिकॉनची नळी. कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून डीएमएसओ या द्रावकात 20 मिलिमोलरचा स्टॉक (दाट द्रावण) करते आणि बरणीत 300 मायक्रोलिटर घालते. हिशोबाने 2 मायक्रोमोलर होतं, डीएमएसओ 0.01 टक्के.

सकाळी नऊला बरणी छान पिवळी दिसते. जेवून येते तोवर रंग निम्म्यावर, आणि संध्याकाळी ती कंट्रोलशेजारी, म्हणजे कर्क्युमिन न घातलेल्या बरणीशेजारी, ठेवली तर ओळखू येत नाही. काल नळी बाहेर काढली तर बुडालेला तेवढाच भाग पिवळाधमक. साबणाने घासला तरी डाग तसाच. दोन्ही गटांच्या वागण्यात फरक दिसत नाही. गाईड म्हणतात, '2 मायक्रोमोलरचा परिणाम नाही' असं लिही. पण माशांना 2 मायक्रोमोलर मिळालंच नसेल तर मी हे कसं लिहू? हे मासे शेवटी मारावे लागतात. त्यातून काहीच कळलं नाही, हे मला सहन होत नाही. डोस वाढवू का?

प्रतिसाद १
डोस वाढवण्याची घाई नको. नळीने थोडं शोषलं असेल, पण कर्क्युमिन पाण्यात आपोआपही तुटतं. 7.2 पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये, 37 अंशांना, अर्ध्या तासात सुमारे 90 टक्के नष्ट झाल्याची नोंद 1997 ची आहे. उजेडानेही ते खराब होतं. त्यामुळे आधी मासे न घालता दोन बरण्या लावा, एक नळीसह आणि एक नळीशिवाय, दोन्ही झाकून. दर तासाला पाणी 425 नॅनोमीटरचा उजेड किती शोषतं ते मोजा, त्यावरून कर्क्युमिन किती उरलं ते कळेल. पीएच पण लिहून ठेवा.
आणि कंट्रोलमध्ये डीएमएसओ घातलंय ना?

धागाकर्ती
नाही घातलं. कंट्रोलला साधं पाणीच होतं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे फरक कर्क्युमिनचा की डीएमएसओचा ते कळणार नाही, ती तुलनाही बाद.
आज बरण्या लावल्या. पीएच 7.4. नळी नाही, मासे नाहीत, वर काळं कापड, तरी दुपारी मोजलेला आकडा निम्म्यावर. नळीच्या बरणीत त्याहून कमी. म्हणजे दोन्ही कारणं आहेत. दर दोन तासांनी पाणी बदलू का?

प्रतिसाद २
भीतीच मोजायची असेल तर मुळीच नाही. दर वेळी जाळीने मासा उचललात की तो घाबरणारच, मग तळाशी बसला तर कर्क्युमिनमुळे की जाळीमुळे? त्यापेक्षा एक तासाचाच संपर्क ठेवा, स्टॉक आयत्या वेळी घाला, नळी काढा (तेवढ्या वेळात तीन लिटरमध्ये सहा माशांना हवा कमी पडत नाही, तरी ऑक्सिजन मोजून घ्या). सुरुवातीचं आणि शेवटचं, दोन्ही मोजलेले आकडे प्रबंधात द्या.

धागाकर्ती
पटलं. साधं पाणी, डीएमएसओ आणि कर्क्युमिन असे तीन गट करते. एकच विचारायचंय: तासाभराने भीतीची चाचणी लगेच घ्यायची की मासे आधी स्वच्छ पाण्यात ठेवायचे? कुणी केलं असेल तर सांगा, सोमवारी सुरू करायचंय.