मदत हवी आहे: घरातलं पोहण्याचं टाकं गळतंय, मिरगाच्या आधी काय करू?

नमस्कार. आमचं जुनं घर दर्यापूरकडे, खारपाण पट्ट्यात. धाकट्या भावाला पोलिओ झाला होता, डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितले. रोज अमरावतीला नेणं शक्य नव्हतं, म्हणून 1989 साली बाबांनी कापसाच्या कोठ्यातच, टिनाच्या छपराखाली टाकं बांधून घेतलं. 20 बाय 10 फूट, साडेचार फूट खोल; साधारण 25 हजार लिटर पाणी मावतं. बोअरचं पाणी खारं, म्हणून ते पावसाळ्यात छपराच्या पन्हाळीवरून भरतो. त्यामुळे उन्हाळ्यात थेंब वाया गेला तरी जीव तुटतो.

यंदा पाणी भराभर उतरतंय. फिल्टरची मोटर बंद ठेवून बादलीची परीक्षा केली. भरलेली बादली पायरीवर ठेवली, आत-बाहेर पेन्सिलीनं खुणा केल्या. 24 तासांनी बादलीत पाणी 2 सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) उतरलं होतं, टाक्यात 12 सूत. म्हणजे 10 सूत गळती, रोजचं जवळपास 600 लिटर पाणी. मोटर चालू ठेवली तरी फरक तेवढाच, म्हणून पाइपापेक्षा भिंतीवर संशय आहे. ओसरीकडच्या कोपऱ्यात टाइलांच्या सांध्यात उभी भेग आहे, रुपयाचं नाणं आत जातं. आमची जमीन काळी, भारी. वैशाखात भेगाळते, आषाढात फुगते, आणि तिच्यासोबत ही भेगही उघडते, मिटते. दोनदा सिमेंटनं भरली, दोन्ही वेळा पुढच्या उन्हाळ्यात उकलली.

मिस्त्री म्हणतात, टाकं रिकामं करा, आतून सगळं वॉटरप्रूफिंग करू. पण कामाला महिना लागेल आणि मिरग तीन आठवड्यांवर आला. पावसानं फुगलेली माती रिकाम्या भिंती आत दाबेल, खालून पाण्यानं तळ उचलला जाईल, ही मला भीती आहे. अर्धं पाणी ठेवून फक्त भेगेपुरतं काम होतं का? सिमेंटऐवजी लवचीक पॉलियुरेथेन सीलंट कोणी काळ्या जमिनीत वापरलंय का, किती वर्षं टिकलं?

दुसरी अडचण छपराची. थंडीत पहाटे टिनांना आतून थेंब धरतात, खिळे गंजलेत, सागवानी तुळईचं एक टोक काळं पडून नखानं खरवडतं. क्लोरीनचा वासही कोंडतो. पाणी तपासायच्या किटमध्ये क्लोरीन 1 ते 3 पीपीएम येतं, पण ब्लीचिंग पावडरीनं पीएच 8 च्या वर चढतो. तो वास जास्त क्लोरीनचा नसून घामाशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो, हे आता कळलंय; मुलांना आधी आंघोळ करायला लावते. एग्झॉस्ट पंखा वर बसवावा की पाण्याच्या पातळीजवळ? वाळूचा फिल्टर ठीक आहे.

नातेवाईक म्हणतात, बुजवून टाका. मला ते नको. आईचे गुडघे गेलेत, ती रोज अर्धा तास पाण्यात चालते. म्हणते, “पाण्यात उतरली का गुडघे दुखून नाही राहत बापा.” आणि गेले चार उन्हाळे गावातली पोरं-पोरी इथंच पोहायला शिकतात. आजूबाजूला शेततळी वाढलीत. प्लास्टिकच्या अस्तराचा काठ इतका निसरडा की पडलेल्या पोराला हात रोवता येत नाही. आमच्याकडे शिकलेल्या पोरांना निदान पाण्यावर तरंगता येतं.

मिस्त्रींना सोमवारी उत्तर द्यायचंय. भारी जमिनीत टाकं किंवा विहीर बांधलेल्यांनी कृपया सांगा. भेगेचे आणि तुळईचे फोटो लागतील तर लगेच टाकते.